कशाचीही बाह्यरेषा नसलेली रेषा

नसरीन मोहमदी यांच्या चित्रांना शीर्षकं नाहीत. बहुतेक चित्रांवर तारीखही नाही. चित्राशेजारच्या पाटीवर ‘अशीर्षक’, ‘सुमारे १९७५’ आणि ‘कागदावर शाई व ग्राफाइट’ एवढंच वाचायला मिळतं. पाटीनंच हात टेकल्यावर पाहणाऱ्यापुढे चित्र पाहण्यावाचून इलाज उरत नाही. आणि चित्रात असतात रेषा. पट्टीच्या कडेनं ओढलेल्या, सरळ, कुठे केसासारख्या बारीक, कुठे किंचित जाड. झाड नाही, चेहरा नाही, घर नाही, रंगही नाही.

तरीही या कागदांपुढून पाय लवकर निघत नाही. दुरून एकसलग करडा वाटणारा भाग जवळ गेल्यावर शेकडो रेषांत सुटा होतो. जवळून सपाट दिसणारा पृष्ठभाग दोन पावलं मागं सरकल्यावर दुमडतो, वर उचलला जातो, कागदाच्या आत खोल उतरतो. पाहणारा पुढे-मागे होत राहतो आणि प्रत्येक अंतरावर चित्र वेगळं असतं. एवढ्या थोडक्या साधनांतून एवढं सगळं कसं घडतं, हा प्रश्न मला या चित्रांकडे पुन्हा पुन्हा घेऊन जातो. समकालीन कलेत रेखांकनाला आज जे स्थान मिळालं आहे ते नेमकं कशामुळे, याचं उत्तरही मला याच कागदांत सापडतं.

रेखांकनाकडे आपण फार काळ दुसऱ्या कशाची तरी तयारी म्हणून पाहत आलो. शिल्पकार दगडाला हात लावण्याआधी कागदावर आकार शोधतो. वास्तुविशारद इमारतीआधी नकाशा काढतो. चित्रकार कॅनव्हासवर कोळशानं बाह्यरेषा घेतो आणि मग ती रंगाखाली जाते. महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेल्यांच्या मनात तर ड्रॉइंग म्हटलं की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षाच उभ्या राहतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि या सगळ्यांपेक्षा वेगळा, अनेकांच्या पोटात गोळा आणणारा कर्तव्यभूमितीचा पेपर. बाकीच्या पेपरांत रंग असे, कल्पनेला थोडा वाव असे. भूमितीच्या पेपरात कंपास, गुण्ये आणि टोकदार पेन्सिल. तिथं कुणी चित्र काढतोय असं कुणालाच वाटत नसे. दिलेल्या मापाची रचना बिनचूक करायची, एवढंच काम.

नसरीन यांची साधनं नेमकी या पेपराच्या जातीची आहेत. अभियंते आणि वास्तुविशारद ज्या रेखनसाधनांनी पूल, यंत्रं आणि इमारती कागदावर मांडतात, तीच त्यांनी हातात घेतली. पण त्या साधनांनी त्यांनी पूलही दाखवला नाही आणि इमारतही नाही. मोजायची वस्तू बाजूला काढली आणि मोजण्याची क्रिया तेवढी ठेवली. एरवी सरळ रेषा म्हटली की ती भिंतीची कड असते, रस्त्याची बाजू असते, टेबलाची किनार असते. नसरीन यांच्या कागदावरची रेषा कशाचीच कड नाही. तिला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं. रेखांकनाची शतकानुशतकांची ताबेदारी इथे संपते, आणि तीही ज्या साधनांनी ती सर्वांत कडक पाळली जाते त्याच साधनांच्या हातून.

या टप्प्यापर्यंतचा प्रवास सरळ नव्हता. नसरीन यांचा जन्म १९३७ सालचा, कराचीचा. फाळणीच्या आधीच कुटुंब मुंबईत आलं. १९५४ ते १९५७ या काळात त्या लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये राहिल्या. मधल्या काळात मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. वॉर्डन रोडवरच्या त्या वास्तूत चित्रकार, नाटकवाले, संगीतकार शेजारीशेजारी काम करत. चित्रकार वासुदेव गायतोंडे तिथेच होते. नसरीन यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे, मितभाषी, चित्रातून वस्तू काढून टाकण्याच्या वाटेवर बरेच पुढे गेलेले. नसरीन यांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता आणि त्यांच्या कामाचं ऋण नसरीन यांच्या सुरुवातीच्या चित्रांत दिसतं. पण गायतोंडे रंगाच्या थरांकडे वळले. रोलरनं रंग पसरवणं, तो खरवडणं, त्याखालचा उजेड वर येऊ देणं हा त्यांचा मार्ग. नसरीन रंग सोडून कागदावर आल्या.

साठच्या दशकातली त्यांची कागदावरची कामं पाहिली की पुढे काय येणार याची कल्पनाही येत नाही. तिथे शाई ओली आहे. ती पसरते, फुटते, फांद्यांसारखी वाढते. वाळक्या झुडपाच्या काटक्या असाव्यात, पाण्याखालचं शेवाळ असावं, असा भास होत राहतो. ही चित्रं देखणी आहेत, आणि तिथेच थांबून आयुष्यभर तशी चित्रं करता आली असती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र शाईचा ओलावा आटत गेला, फांद्या सरळ होत गेल्या आणि आडव्या-उभ्या रेषांची जाळी दिसू लागली. १९७२ मध्ये त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकवू लागल्या आणि आज आपण ज्यांना नसरीन मोहमदींची चित्रं म्हणून ओळखतो ती मुख्यतः तिथे तयार झाली.

आता सत्तरच्या दशकाच्या मध्यातलं एक चित्र जवळून पाहू. कागद साधारण २० बाय २८ इंचांचा, आडवा. म्हणजे दोन्ही हात पसरले की त्यात मावणारा, टेबलावर बसून पूर्ण आवाक्यात येणारा. हे माप महत्त्वाचं आहे. भिंतभर कॅनव्हास पाहणाऱ्याला वेढतो, हा कागद पाहणाऱ्याला वाकायला लावतो. कागदभर आडव्या रेषा आहेत. त्यांच्यातलं अंतर एकसारखं नाही. वरच्या भागात त्या विरळ, मधल्या पट्ट्यात दाट, मग पुन्हा मोकळ्या होतात. काही ठिकाणी त्यांना तिरक्या रेषा छेदतात आणि छेदल्या ठिकाणी नवा पदर तयार झाल्यासारखा वाटतो. तो पदर कुठे सुरू झाला हे बोटानं दाखवता येत नाही. कारण तिथे बाह्यरेषा काढलेलीच नाही. रेषांची दिशा बदलली, एवढंच झालंय.

छटेचं काम रेषांमधलं अंतर करतं. दोन रेषा जवळ आल्या की मधला कागद अंधारतो, लांब गेल्या की उजळतो. प्रत्यक्षात कागद तोच, शाई तीच. उजेडाचा आणि अंधाराचा सगळा खेळ केवळ मोजमापातून उभा राहिला आहे. म्हणूनच या चित्रांत कोरा कागद ही उरलेली जागा नसते. दोन रेषांमधलं पांढरं अंतर रेषेइतकंच विचारपूर्वक ठरवलेलं आहे. नजर रेषेवरून चालता चालता कधी त्या अंतरावरून चालू लागली हे कळतही नाही.

शाई आणि ग्राफाइट यांची जोडीही अशीच नेमकी आहे. शाईची रेषा काळी, ठाम. ती उजेड पिऊन टाकते आणि कुठूनही पाहिली तरी तशीच दिसते. ग्राफाइटच्या रेषेला मात्र किंचित चकाकी असते. मान जरा कलती केली, उजेडाचा कोन बदलला की ती चमकून उठते किंवा कागदात विरून जाते. एकाच कागदावर या दोन रेषा शेजारी ठेवल्या की एक पक्की राहते आणि दुसरी ये-जा करते. छापील पुस्तकात हे कळत नाही. छापलेल्या प्रतिमेत दोन्ही रेषा एकाच काळ्या-करड्या छापाच्या होतात आणि चित्राचा निम्मा श्वास निघून जातो. मूळ चित्रासमोर उभं राहण्याला पर्याय नाही हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो. इथे ते अक्षरशः खरं आहे.

अशी रेषा ओढायची म्हणजे काय, हेही समजून घ्यायला हवं. त्या काळी शाईच्या बिनचूक रेषेसाठी रुलिंग पेन हे नेहमीचं साधन होतं. त्याला निब नसते, पोलादाची दोन पाती असतात आणि त्यांच्यातलं अंतर एका बारीक स्क्रूनं कमी-जास्त करता येतं. पेन शाईत बुडवायचा नसतो, पात्यांच्या मध्ये शाईचा थेंब सोडायचा असतो. थेंब मोठा झाला तर शाई एकदम उतरते, लहान झाला तर रेषा अर्ध्यावर संपते आणि नंतर जोडलेला सांधा कायमचा दिसत राहतो. पट्टीची कड कागदाला चिकटलेली असेल तर शाई तिच्याखाली ओढली जाते आणि डाग पसरतो. हात मध्येच थांबला तर गाठ पडते, घाई केली तर रेषा फाटते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताचा वेग, दाब आणि कल एकसारखा ठेवावा लागतो. एका रेषेला हे जमवणं सवयीनं येतं. पण अशा दीडशे रेषा ओढून झाल्यावर पुढची रेषा ओढायची असते तेव्हा आधीचं सगळं काम तिच्यावर अवलंबून असतं. चित्र जसं पूर्णत्वाकडे जातं तशी प्रत्येक नव्या रेषेची जोखीम वाढत जाते. पेन्सिल खोडता येते. शाई परत घेता येत नाही.

पट्टीनं ओढलेल्या रेषेत कलावंताचा हात दिसत नाही, अशी तक्रार या चित्रांबद्दल करता येईल. मला वाटतं, हात दिसतो, फक्त तो आपण जिथे शोधतो तिथे नसतो. ब्रशच्या फटकाऱ्यात हात उघड असतो. इथे तो निवडीत आहे. इथे थांबायचं, इथे जाडी अर्ध्या केसानं वाढवायची, इथे एक रेषा गाळायची, ही तिरकी रेषा कागदाच्या कडेला पोचू द्यायची नाही. विलंबित ख्यालात मुरलेला गायक एका स्वरावर किती थांबावं हे ज्या जाणिवेनं ठरवतो, त्या जातीचा हा निर्णय आहे. नियम तेच असतात, पण थांबण्याची जागा ज्याची त्याला सापडावी लागते. नसरीन यांच्या चित्रांत ही जागा चुकत नाही, आणि त्या अचूकपणातून जी भावना निर्माण होते तिला कोरडी म्हणणं मला शक्य नाही.

या रेषा आल्या कुठून? त्यांचं मूळ निव्वळ भूमितीत शोधू नये, याचा भक्कम पुरावा त्यांच्या छायाचित्रांत आहे. नसरीन यांनी आयुष्यभर कृष्णधवल छायाचित्रं घेतली आणि हयातीत ती प्रदर्शित केली नाहीत. त्यांत मागावर ताणलेले सुताचे धागे आहेत, रस्त्यावर रंगवलेले पट्टे आहेत, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी आहे, वाळवंट आहे, समुद्राचा काठ आहे. अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचं घर होतं. ओहोटीला पाणी मागं सरतं तेव्हा वाळूवर लाटांच्या समांतर वळ्या उमटतात, ओल्या वाळूत उजेड साचतो आणि क्षितिजाची एक आडवी रेषा सगळं तोलून धरते. कोकणचा किनारा पाहिलेल्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. छायाचित्रांत हे जग अजून ओळखू येतं. चित्रांत ते ओळखीच्या पलीकडे गेलेलं असतं, पण त्याचा ताल शिल्लक असतो. माग तिथे नाही, मात्र धाग्याचा ताण आहे. समुद्र तिथे नाही, मात्र पाणी मागं सरतानाची संथ, समांतर गती आहे. म्हणून ही चित्रं गणितातून निघालेली वाटत नाहीत. बघून बघून, गाळून गाळून नसरीन इथवर पोचल्या आहेत.

त्यांच्या रोजनिश्याही याच गाळणीच्या साक्षीदार आहेत. छापील डायरीच्या पानांवर त्या नोंदी करत आणि पुष्कळदा पानावरच्या ओळी शाईच्या पट्ट्यांनी झाकून टाकत. कुठे एखादा शब्द उघडा राहतो, कुठे तारीख, बाकी सारं पान काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचना होऊन जातं. लिहिणं आणि रेखाटणं यांतली सीमा तिथे पुसली गेली आहे. नको ते झाकलं की पानाला लय येते, ही गोष्ट त्या रोजच्या रोज, स्वतःच्याच शब्दांवर करून पाहत होत्या.

ज्या बडोद्यात हे चाललं होतं तिथली हवा नेमकी उलट दिशेनं वाहत होती, हे लक्षात घेतलं की या निवडीचं मोल कळतं. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर यांची चित्रं माणसांनी, गल्ल्यांनी, गोष्टींनी भरलेली होती. १९८१ साली मुंबई आणि दिल्लीत झालेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात शेख, खख्खर, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि ठाण्याचे सुधीर पटवर्धन एकत्र आले आणि मानवाकृतीचा, अवतीभवतीच्या जगण्याचा आग्रह त्यांनी मांडला. तो आग्रह योग्यच होता आणि त्यातून आपल्या चित्रकलेला फार मोठी देणगी मिळाली. त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत लिहिणाऱ्या समीक्षक गीता कपूर नसरीन यांच्या निकटच्या स्नेही होत्या आणि नसरीन यांच्यावर त्यांनी पुढे अतिशय आत्मीयतेनं लिहिलं. म्हणजे मतभेदाची भिंत कुठेच नव्हती. गोष्ट सांगणाऱ्या चित्रकारांच्या शेजारच्या खोलीत बसून नसरीन गोष्ट नसलेलं चित्र काढत राहिल्या. त्यांनी कुणाला विरोध केला नाही, जाहीरनामा काढला नाही, शिष्यांचा पंथ उभारला नाही. विद्यार्थ्यांना शिकवलं, आणि उरलेल्या वेळात रेषा ओढल्या.

जगात इतरत्र याच काळात रेखांकन स्वतःची वाट शोधत होतं. न्यूयॉर्कमध्ये सोल लेविट यांनी १९६८ साली पॉला कूपर गॅलरीच्या भिंतीवर थेट पेन्सिलनं रेखांकन केलं. पुढे त्यांनी भिंतीवरच्या अशा शेकडो रेखांकनांच्या सूचना लिहून ठेवल्या. रेषा कुणी ओढायच्या हे महत्त्वाचं नव्हतं, सूचना हेच काम. प्रदर्शन संपलं की भिंत रंगवून टाकायची आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या हातांनी ते चित्र पुन्हा काढायचं. रेखांकनाला इथे कल्पनेचं अधिष्ठान मिळालं. १९७७ साली त्याच शहरात फक्त रेखांकनाला वाहिलेली ‘द ड्रॉइंग सेंटर’ ही संस्था सुरू झाली. तयारीचं काम मानल्या गेलेल्या प्रकाराला स्वतःचं घर मिळालं.

दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज यांनी दुसरं टोक गाठलं. १९८९ पासून त्यांनी केलेल्या चलच्चित्रांत कोळशानं काढलेलं चित्र कॅमेऱ्यासमोर ठेवलं जातं, एक छायाचित्र घेतलं जातं, मग चित्राचा थोडा भाग पुसून पुन्हा काढला जातो आणि पुन्हा छायाचित्र. कोळसा कधीच पूर्ण पुसला जात नाही. आधीच्या आकाराचा धुरकट मागमूस कागदावर राहतो. वर्णभेदानं पोळलेल्या देशाच्या आठवणीविषयी बोलायला याहून चपखल माध्यम सापडणं अवघड. ‘फेलिक्स इन एक्झाइल’ या १९९४ च्या चित्रपटात जमिनीवर पडलेली माणसं हळूहळू भूदृश्यात विरघळून जातात आणि कागद मात्र विसरत नाही. नसरीन यांच्याच वर्षी, १९३७ मध्ये, अलीगढला जन्मलेल्या झरीना यांनी २००१ साली ‘डिव्हायडिंग लाइन’ ही लाकूडछाप केली. कागदावर एकच काळी, वाकडीतिकडी रेषा. ती फाळणीची सीमारेषा आहे हे कळल्यावर पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण ज्या रेषेनं एवढी घरं मोडली ती कधी काळी कुणीतरी नकाशावर अशीच ओढली होती.

या सगळ्यांची कामं मला प्रिय आहेत. तरी नसरीन यांचं काम मला अधिक अवघड आणि म्हणून अधिक मोलाचं वाटतं. लेविट यांच्या रेषेमागे सूचनेचं पाठबळ आहे, केंट्रिज यांच्या रेषेमागे इतिहास आहे, झरीना यांच्या रेषेमागे नकाशा आहे. नसरीन यांच्या रेषेमागे असं काहीही उभं नाही. त्यांची तुलना बहुतेक वेळा ॲग्नेस मार्टिन या अमेरिकेत काम केलेल्या चित्रकर्तीशी होते. मार्टिन यांच्या सहा फुटी चौरस कॅनव्हासवरही पेन्सिलच्या रेषांची जाळी आहे. पण मार्टिन यांची रेषा कॅनव्हासच्या विणीवरून जाताना थरथरते आणि सगळा चौरस एका शांत, स्थिर धुक्यात बसतो. नसरीन यांची रेषा थरथरत नाही आणि त्यांचं चित्र स्थिरही राहत नाही. तिरक्या रेषांमुळे ते सतत कुठेतरी निघालेलं असतं. मार्टिन यांच्यापुढे मन निवतं. नसरीन यांच्यापुढे मन सावध होतं.

ऐंशीच्या दशकातल्या चित्रांत ही सावधता टोकाला जाते. जाळी निघून गेली आहे. कागद जवळजवळ कोरा आहे आणि त्यात मोजक्याच तिरक्या रेषा आहेत. एकमेकींना समांतर, काही जाड, काही इतक्या बारीक की जवळ जाऊन शोधाव्या लागतात. एक रेषा कागदाच्या मध्यातच सुरू होते आणि कडेला न टेकताच संपते. कुठे दोन-तीन रेषा मिळून पात्यासारखा एक आकार अधांतरी उभा करतात, कुठे एखादं वर्तुळखंड तरंगतं. आधार म्हणावा असं काहीच नाही. जमीन नाही, क्षितिज नाही, चौकटही जणू नाही. तरीही काही पडत नाही, काही कलंडत नाही. एखादी रेषा मनातल्या मनात काढून टाकली तर सगळी रचना कोसळेल, आणि एखादी वाढवली तर गर्दी होईल. इतक्या थोड्या ऐवजात इतका मोठा अवकाश तोलून धरलेला मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही.

याच वर्षांत मज्जासंस्थेच्या दुर्धर आजारानं त्यांच्या शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता. हात आणि पाय ऐकेनासे होत असताना कागदावरची रेषा मात्र अढळ राहिली. या वस्तुस्थितीकडे पाहून हळहळणं सोपं आहे, पण चित्रं आपल्याला हळहळू देत नाहीत. त्यांत कुठेही व्यथेची जाहिरात नाही. मघाशी सांगितलेली शाईची रेषा आठवा: न थांबता, न घाई करता, एका दाबानं. ज्या हाताला हे दिवसेंदिवस कठीण होत होतं त्या हातानं कमी रेषा ओढल्या आणि प्रत्येक रेषेवर अधिक भार टाकला. शेवटच्या चित्रांची विरळता केवळ शैलीचा पुढचा टप्पा म्हणून मला वाचता येत नाही. केवळ आजाराचा परिणाम म्हणूनही नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आयुष्यभर शिकलेल्या माणसानं सोडण्याची गती वाढवली, असं मला ते दिसतं. १९९० साली त्यांचं निधन झालं.

हयातीत त्यांना मानणारा वर्ग लहान होता. पुढे २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये, २००७ मध्ये कासेलच्या बाराव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनामध्ये त्यांची चित्रं लागली. २०१३ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममध्ये, मग माद्रिदच्या रेइना सोफियामध्ये मोठी प्रदर्शनं झाली, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत नसरीन यांचं प्रदर्शन होतं. जगानं उशिरा दखल घेतली हे खरं. त्याहून महत्त्वाचं हे की दखल घेतली गेली ती कागदावरच्या रेखांकनांची. त्यामागे कुठली भव्य कॅनव्हासमालिका नव्हती. ज्यांना पूर्वी कपाटात ठेवायची कामं म्हटलं असतं, तीच इथे मुख्य कलाकृती म्हणून पाहिली गेली.

आज सरळ रेषेला काडीचीही किंमत मोजावी लागत नाही. पडद्यावर बोट टेकवलं की ती हव्या त्या जाडीची, हव्या त्या कोनात मिळते, आवडली नाही तर नाहीशी करता येते. अशा काळात नसरीन यांची चित्रं जुनी वाटायला हवी होती. उलट ती अधिक निकडीची वाटतात. कारण जी रेषा मागे घेता येते ती ओढताना काही पणाला लागत नाही. नसरीन यांच्या कागदावर प्रत्येक रेषेचं उत्तरदायित्व कुणीतरी घेतलेलं आहे, आणि ते पाहणाऱ्याला जाणवतं. समकालीन कलेत माध्यमांची रेलचेल आहे: व्हिडिओ, मांडणशिल्प, ध्वनी, प्रकाश, आता यंत्रानं बनवलेल्या प्रतिमा. त्या सगळ्यांत रेखांकनाचं वेगळं काम काय, असं विचारलं तर मी म्हणेन, निर्णय आणि त्याचा ठसा यांच्यातलं अंतर रेखांकनात सर्वांत कमी असतं. विचार झाला, हात चालला, खूण उमटली. मध्ये लपायला जागा नाही. म्हणून रेखांकनात खोटेपणा लवकर उघडा पडतो आणि खरेपणाही लवकर पोचतो.

आपल्या कला महाविद्यालयांत रेखांकनाचा भर सुरुवातीच्या वर्षांवर असतो. हात बसला की विद्यार्थी रंगाकडे, मांडणशिल्पाकडे, डिजिटल माध्यमाकडे जातो आणि वही मागं राहते. बडोद्यात शिकवणाऱ्या या शिक्षिकेनं दाखवून दिलं की ती वही आयुष्यभर पुरते, आणि पुढे जाणं म्हणजे तिच्यात अधिक खोल जाणंही असू शकतं. त्यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही, महाग सामग्री लागत नाही. पट्टी, शाई, पेन्सिल आणि कागद एवढ्यावर एक पूर्ण, प्रौढ, जगाच्या तोडीची कला उभी राहते, फक्त एक अट आहे. पुढची रेषा का ओढायची हे ओढणाऱ्याला ठाऊक हवं, आणि ठाऊक नसेल तर हात थांबवण्याचं धैर्य त्याच्यापाशी हवं. नसरीन मोहमदी यांच्यापाशी हे दोन्ही होतं.